तिसऱ्या नळीतला दम

मिस्तरी बिडी ओढायचा, पण धूर कधी गिळायचा नाही. एक झुरका घ्यायचा, गाल फुगवायचा आणि तो धूर इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये सोडायचा. मग मॅनिफोल्ड डोळ्यांसमोर धरून, कुठल्या नळीतून धूर किती निघतो ते बघत बसायचा. बिडीचा असा सदुपयोग मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेला नाही.

शहाद्यात त्याचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान एकाच भिंतीला लागून होतं. आता तो नाही, गॅरेजचं शटर बंद असतं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझे कान उगाच त्या भिंतीकडे जातात.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तुकडा. वर एक तोंड, खाली चार नळ्या, साधारण म्हशीच्या कासेसारखा. कारखान्यातून तो येतो तेव्हा आतून खरबरीत असतो, आणि पॅकिंगची कडाही बऱ्याचदा आत आलेली असते. हवा तिथे अडते आणि गाडी तोरणमाळच्या चढाला धापा टाकते. मिस्तरी ग्राइंडरला बोटाएवढा दगड लावून त्या नळ्या आतून मोठ्या करायचा, मग काठीला पॉलिश पेपर गुंडाळून गुळगुळीत करायचा. चारही नळ्यांतून धूर सारखा निघाला की काम झालं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं.

"पहिले दम लेऊ दे तिले. दौडानं मंग देखू."

मी त्याला चिडवायचो, "मिस्तरी, तू डॉक्टर शे का मिस्तरी?" तो म्हणायचा, "डॉक्टर फी लेस, मी चहा लेस." पैसेही घ्यायचा, अन् चांगले घ्यायचा. एवढा काही साधाभोळा नव्हता तो.

त्याचा एकुलता एक मुलगा म्हसावदकडे प्रवासी जीप चालवायचा. त्या जीपचा मॅनिफोल्ड मिस्तरीने असा जीव लावून केला होता की चढावर ती बाकीच्या गाड्यांना मागे टाकायची. एका पावसाळ्यात मुलाने ओढ्याच्या बुटक्या फरशी पुलावरून वाहत्या पाण्यात जीप घातली. इंजिनाने हवेच्या वाटेने पाणी ओढलं आणि जीप ऐन मध्यात बंद पडली. पूर ओसरल्यावर जीप ट्रॅक्टरने ओढून काढली. मुलगा बराच पुढे, तापीच्या काठाला सापडला.

"ती वाट मीच मोठी करी व्हती," एवढंच मिस्तरी मला म्हणाला. "त्याच वाटे पानी गयं."

जीप भंगारात गेली. मॅनिफोल्ड मात्र त्याने खोलून घेतला आणि गॅरेजच्या आढ्याला तारेने टांगला.

आता पुढचं सांगतो ते पटलं नाही तर सोडून द्या. मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं.

वैशाखातली दुपार होती. समोरच्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मिस्तरीने मला हाक मारली, तो मॅनिफोल्ड खाली काढला आणि पेटती बिडी तिसऱ्या नळीजवळ धरली. त्याने फुंकलं नाही. बिडीचा धूर सरळ वर जात होता, तो वाकला आणि नळीत शिरला. मग थांबला. मग परत शिरला. वरच्या तोंडातून नाही, बाकीच्या तीन नळ्यांतून नाही, तो कुठूनच बाहेर आला नाही.

"वारा व्हई, मिस्तरी," मी म्हणालो.

"वारा कोठे शे?"

मी उठून शटर ओढलं, पंख्याचं बटण बंद आहे ना ते बघितलं. धूर आत जातच होता, थांबून थांबून, झोपलेलं माणूस श्वास घेतं तसा.

"मन्हा आंडोर शे त्याम्हा," मिस्तरी म्हणाला. मुलाला आमच्याकडे आंडोर म्हणतात. "तो आते बी दम लेस."

त्यानंतर मी ते गॅरेज ओलांडून जाताना वर बघणं टाळू लागलो. मिस्तरी मात्र रोज दुपारी बिडी पेटवून त्या मॅनिफोल्डखाली बसायचा, आणि मला त्याची भीतीही वाटायची आणि दयाही यायची.

मग सातपुड्यातला एक पावरा आदिवासी ड्रायव्हर आला. त्याच्या जीपचा मॅनिफोल्ड तडकला होता. जोडला, परत तडकला. ते मॉडेल बंद झालेलं. मी धुळ्यापासून इंदूरपर्यंत फोन केले, कुठेच मिळेना. नेमका तोच मॅनिफोल्ड आढ्याला लटकत होता, आणि ड्रायव्हरला तो दिसला.

"तो देवाना नही," मिस्तरी तुटक म्हणाला. द्यायचा नाही म्हणजे नाही.

"दादा, आमच्या पाड्यावर एकच गाडी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "बाळंतपणाची बाई खाली आणायची कशी? झोळीत घालून आणतो आम्ही. मागची वाटेतच गेली."

मिस्तरी आत गेला. ड्रायव्हर पायरीवर बसून राहिला, जेवायलाही उठला नाही. ऊन कलल्यावर मिस्तरी बाहेर आला, तेव्हा मॅनिफोल्ड त्याच्या हातात होता.

"आठे टांगेल ऱ्हायना तं त्याना दम अडकेलच ऱ्हाई," तो वर आढ्याकडे बघत मला म्हणाला. "इंजिनले लागना तं मोकया व्हई." मोकळा झाला म्हणजे गेला, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्याने स्वतः तो बसवला, नवं पॅकिंग कडेला कडा जुळवून लावलं. जीप पहिल्याच चावीला सुरू झाली. हवेचा पाइप अजून जोडायचा होता. मिस्तरीने उघड्या तोंडावर तळहात ठेवला. हवा बंद झाली की डिझेल इंजिन गुदमरतं. तेही गुदमरलं, हललं आणि बंद पडलं.

हात निघेना. आतली ओढ असते थोडी, एवढं मलाही कळतं. पण ती क्षणात संपते. इथे इंजिन पुरतं शांत होतं आणि मिस्तरीचा तळहात आत ओढला जात होता, सुटत होता, परत ओढला जात होता. ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला.

मिस्तरी बॉनेटवर वाकला. तान्ह्या लेकराशी बोलावं तसा हळू बोलला.

"आते सोड, बेटा. मन्हा हात सोड."

हात सुटला.

पाइप जोडून झाल्यावर जीप निघाली. म्हसावदच्या रस्त्याला ती दिसेनाशी झाली तरी मिस्तरी कडेला हात पुढे करून तसाच उभा होता. आपल्यालाच हात दाखवतोय असं वाटून एक रिक्षावाला थांबला.

"कोठे जानं शे, बाबा?"

मिस्तरीला सांगता येईना.