टायपिंगच्या मशीनचं उंच टेबल

मंगरूळपीरच्या शेतकी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा सत्तरीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नोकरी कच्ची होती. दिवाळीनंतर साहेब काम बघून शेरा मारणार, मग ती पक्की होणार. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिलीच, तेव्हा पक्की होण्यावाचून इलाज नव्हता.

अडचण उजव्या खांद्याची होती. दुपारपर्यंत तो दगड होई. संध्याकाळी वेणी घालायला हात वर जात नसे. आई घालून द्यायची आणि मला आळशी म्हणायची. डॉक्टरांनी टायपिंग सोडा असं स्पष्ट सांगितलं होतं. ते मी ना घरी बोलले, ना कचेरीत. बाम चोळायचा आणि वास जावा म्हणून खिडकीशी बसायचं.

पावसाळ्यात अकोल्याहून शेती अवजारांचे एक इंजिनिअर आले. बाया दिवसभर वाकून खुरप्यानं निंदतात, त्यांच्यासाठी लांब दांड्याचं अवजार त्यांनी इंझोरीच्या शेतांत वापरून पाहिलं होतं. त्याचा इंग्रजी अहवाल टाइप करायचा होता. त्यात ‘एर्गोनॉमिक’ हा शब्द पानोपानी होता आणि कचेरीतल्या डिक्शनरीत नव्हता. अर्थ न कळता टाइप करायचं मला जमत नाही. मी विचारलं. ते खुर्ची ओढून बसलेच.

‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम, दोन्ही ग्रीक, असं त्यांनी सांगितलं. तुकडे जुने, पण जोड अलीकडची. एकोणिसाव्या शतकात पोलंडमधल्या एका शास्त्रज्ञानं ती केली होती, ती विस्मरणात गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पुन्हा नव्यानं झाली. मी म्हटलं, कामाचा नियम म्हणजे नेमकं काय?

“माणसानं अवजाराच्या मापात बसायचं नाही,” ते म्हणाले. “अवजारानं माणसाच्या मापात बसायचं.”

ते चहाला गेले. मी पुढची ओळ टाइप करायला हात उचलले आणि तसेच थांबवले. कोपरं जवळपास खांद्यांच्या उंचीला आली होती. मशीन माझ्या छातीसमोर होती.

त्याचं कारण कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. मशीन ही आमच्याकडची सगळ्यांत मोलाची वस्तू, म्हणून तिला साहेबांचं जुनं सागवानी टेबल मिळालेलं. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. कोपऱ्यात पाण्याच्या माठाखाली एक बुटकं टेबल होतं, ते अगदी माझ्या मापाचं होतं. मी ते बडेबाबूंकडे, म्हणजे आमच्या हेडक्लार्ककडे मागितलं.

“काहून?” ते म्हणाले. “दसऱ्याले जिले हार घालतो, तिले तुमी माठाच्या जागी बसवून राह्यल्या?”

मग मात्र मी खांदा, डॉक्टर, बाम सगळं एका दमात सांगून टाकलं. आता नोकरी गेलीच, असं धरून चालले होते. बडेबाबूंनी चष्मा काढून पुसला.

“बाई, हे आधी नाही सांगा लागत? मी समजलो, तुमचं कामात ध्यान नाही. तसंच साहेबाले सांगनार होतो.” चष्मा परत घालून म्हणाले, “मशीन काई खाली उतरत नाही. तुमीच वर चढा.”

कचेरीमागे बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. खुर्चीचे पाय विटांच्या खाचांत नीट बसले. माझे पाय मात्र लोंबकळू लागले, म्हणून त्यांच्याखाली बियाण्याचा रिकामा खोका आला. बाकीचे कारकून म्हणाले, बाई आता साहेबापेक्षा उंच झाल्या, अर्ज खालूनच द्या लागते. मी हसले. कोपरं अंगाशी होती.

दसऱ्यापर्यंत माझी वेणी मी घालू लागले. त्या दिवशी बडेबाबूंनी मशीनला हार घातला आणि उरलेलं हळदकुंकू विटांना लावलं.

दिवाळीनंतर त्यांनी एक मसुदा माझ्यापुढे ठेवला. “पाहून टाइप मारा,” म्हणाले. “नाव तुमचंच हाय.”

माझ्या कायम नेमणुकीचा आदेश होता. एकही चूक न करता तो टाइप केला, साहेबांची सही घेतली, माठातलं पाणी प्यायले. घरी गेल्यावर आईला आधी आदेश दाखवला, आणि मग डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं.