चौकटीवरची किल्ली

घोडनदी गावातल्या एका दूध डेअरीतले कॉम्प्युटर मी सांभाळतो. घर दौंडला. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड माझ्या एकट्याकडं असायचा, त्यामुळं मी सुट्टीवर गेलो रे गेलो की फोन सुरू. "पासवर्ड सांगा की!" एकदा लग्नात, हातात अक्षता असताना फोन आला आणि डोकंच फिरलं. कामावर आल्या आल्या सर्व्हरवर सगळ्यांना उघडेल अशी एक फाइल केली आणि पासवर्ड त्यात सरळ वाचता येईल असा टाइप करून ठेवला. घ्या, म्हटलं, आता माझं डोकं खाऊ नका!

त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्याकडं घराची किल्ली चौकटीवर ठेवायची रीतच आहे. शेजाऱ्यापासून लपवली तर तो वर्षभर बोलायचा नाही. पासवर्ड न देणं म्हणजे 'तुझ्यावर भरवसा नाही' असं तोंडावर सांगणं.

यंदा उन्हाळ्यात कुणीतरी दुधाच्या फॅटचे आकडे बदलले. पाण्यासारख्या दुधाला म्हशीचं फॅट, आणि भावही तसाच! बदल झाले होते सर्व्हरच्या मुख्य नावानं, म्हणजे तोच पासवर्ड टाकून, दूध घ्यायच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. त्या टेबलावर मामा बसायचे. नात्यातले नव्हेत, सगळी डेअरीच त्यांना मामा म्हणते. मला इथं चिकटवलं तेही त्यांनीच.

संचालकांच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, "चूक माझी हाय. पासवर्ड सगळ्यांना दिसत होता. हे कुणीबी केलं असंल." वाटलं, सुटले मामा.

चेअरमन म्हणाले, "कुणीबी म्हंजी मामाबी असू शकत्यात की."

सगळेच एका नावानं आत शिरत होते, तेव्हा बोट कुणाचं हे मशीन तरी कसं सांगणार? मामांना घरी बसवलं. मला नुसती समज दिली, कारण कॉम्प्युटरचं काम दुसऱ्या कुणाला येत नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

मग मी पासवर्ड बदलला, फाइल पुसली, प्रत्येकाला वेगळं नाव करून दिलं. बैल गेला अन् झोपा केला! परवा धीर करून मामांच्या घरी गेलो. वाटलं होतं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा सांगितला, माझ्या घरच्यांची चौकशी केली.

मग म्हणाले, "भाच्या, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. म्या न्हाई केलं, हे तुला तर ठावं हाय ना?"

'व्हय' लगेच निघायला हवं होतं. पण मी अडखळलो. कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायची सोयच मी ठेवली नव्हती.

"व्हय मामा," मी म्हणालो, तोवर त्यांनी मान खाली घातली होती.

"चहा घे," ते म्हणाले. "गार व्हतोय."