शर्टाच्या गुंडीएवढा माईक

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. कन्नडच्या घाटात त्यांनी उभी नोकरी गाडी चढवली आणि उतरवली. जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या झाकणाखाली असायचं आणि घाटात ते थेट डाव्या कानात गर्जायचं. दादा रिटायर झाले तेव्हा डावा कान पार गेलेला होता, उजवाही त्याच वाटेला लागला होता. आई होती तोवर हे कुणाला फारसं जाणवलंच नाही. ती कायम त्यांच्या उजव्या हाताला बसायची, त्यांच्याकडं तोंड करून सावकाश बोलायची आणि त्यांना सगळं कळायचं. आई गेली नि वर्ष सरायच्या आत घरातले, शेजारचे, सगळे म्हणायला लागले, दादा ठार बहिरे झाले.

मी लग्न होऊन औरंगाबादला, सिडकोत राहत होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सर्किटच्या पट्ट्यांवर सोल्डरिंग करायचं माझं काम. दादा कन्नडला, त्यांच्याच घरात, थोरल्या भावाजवळ. अशीच एकदा सुटीच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. दादा बाजेवर बसून शेंगा फोडत होते. समोर खुर्च्यांवर भाऊ आणि एक जमिनीचा एजंट. बोलणं चाललं होतं आमचं रस्त्याकडचं रान विकायचं. ते रान दादांच्या नावावर. गिऱ्हाईक कोण, व्यवहार कधी, सगळं त्यांच्या तोंडासमोर चाललं होतं, जसं काही ती बाज रिकामीच होती.

मी भावाला म्हटलं, "दादांना विचारलं का?"

"त्यांना काय विचारायचं? ऐकू येतंय का काही?" असं म्हणून तो दादांच्या डाव्या कानापाशी तोंड घेऊन गेला आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "दादा! रानाचं बघून घेऊ ना आम्ही?"

दादांनी त्याच्याकडं बघून हसत मान डोलावली. कुणी आपल्याशी बोललं, याचाच त्यांना आनंद झालेला दिसत होता.

"घे," भाऊ मला म्हणाला. "विचारलं."

एजंट हसला. वहिनीही दारातून हसली. मला कानशिलं तापल्यासारखी वाटली. तोंड उघडलं असतं तर शिव्याच दिल्या असत्या, म्हणून पिशवी उचलून निघाले. येताना बसमध्ये वेरूळपर्यंत माझे दात एकमेकांवर दाबलेले होते.

कानाच्या मशीनचा प्रयत्न आधीच करून झाला होता. चांगलं मशीन घ्यायचं तर एकटीच्या पगारात बसत नव्हतं आणि भावाला विचारलं तर तो म्हणाला, "या वयात काय ऐकायचं राहिलंय त्यांचं?" मग मी एक हलकं, कानामागं अडकवायचं मशीन आणून दिलं. ते दिवसभर शिट्ट्या मारायचं. दादांनी ते दोन-चार दिवसांत काढून फडताळात टाकलं.

आता मी ठरवलं, आपणच करायचं. आयटीआयमध्ये मी रेडिओचा ट्रेड केला होता. जे करायचं होतं ते काही अवघड नव्हतं. एक बारका माईक, आवाज वाढवणारी एक चिप, बॅटरी आणि वॉकमनचे इयरफोन. सगळं खिशात मावेल अशा डबीत. चिप, डबी, बॅटरी जमवायला वेळ लागला नाही. अडलं ते माईकवर. शर्टाच्या गुंडीएवढा, चकचकीत पत्र्याचा, तोंडावर काळं कापड असलेला असतो तो. कंडेन्सर माईक म्हणतात त्याला बाजारात. प्रत्येक टेपरेकॉर्डरमध्ये, प्रत्येक मोबाईलमध्ये असतो. म्हटलं, एवढ्या मोठ्या शहरात न मिळायला काय झालं?

पैठण गेटच्या बाजूला एका दुकानात गेले. मालकानं माझ्या मागं कुणी आहे का ते बघितलं.

"भावाचं कॉलेजचं प्रोजेक्ट आहे का मॅडम?"

"नाही. मलाच पाहिजे."

"कशाला?"

"बनवायचंय."

"मग मिस्टरांना पाठवा ना. त्यांना समजावून सांगतो."

दुसऱ्या दुकानात मालकानं एवढा वेळ वरपासून खालपर्यंत बघितलं की मीच बाहेर पडले. तिसऱ्यानं सांगितलं, मुंबईहून मागवावे लागतील, पुडकंच्या पुडकं घ्यावं लागेल. चौथ्यानं गमतीनं विचारलं, "कुणाचं चोरून ऐकायचंय, सासूचं का?" आणि दुकानातल्या दोघा गिऱ्हाइकांसह खिंकाळला. घरी येऊन मी भाकरीचं पीठ असं आदळलं की नवरा वाचत बसलेला उठून आला. तो शाळेत मराठी शिकवतो. म्हणाला, "चल, उद्या मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि पहिल्याच दुकानाचा मालक एकदम सुतासारखा सरळ झाला. मी विचारत होते आणि तो उत्तर नवऱ्याला देत होता. व्होल्टेज किती, जोडायचे पाय किती, सगळं नवऱ्याला. शेवटी नवरा म्हणाला, "अहो, मला काय सांगता? मला घरचा फ्यूज बसवता येत नाही. काम तिचं आहे."

"हो हो," मालक म्हणाला आणि कागदात बांधून पुडी नवऱ्याच्याच हातात दिली.

घरी येऊन पुडी सोडली तर आत बझर निघाले. रिक्षा मागं घेताना पीं-पीं वाजतात ना, तसले. आवाज ऐकणारी वस्तू मागितली होती, आवाज करणारी दिली. मी तशीच पायात चप्पल सरकवून परत गेले, एकटी.

"विकलेला माल परत घेत नाही," मालक म्हणाला. "मिस्टरांनी बघून घ्यायला पाहिजे होतं."

तेव्हा माझा तोल गेला. मी काउंटरवर पुडी आपटली. "मिस्टरांनी मागितलं होतं का? मी मागितलं होतं. मी समोर उभी होते. तुम्हाला मी दिसत नाही की ऐकू येत नाही?" रस्त्यावरची माणसं थांबली. मालकानं पैसे काउंटरवर टाकले, हातात दिले नाहीत. मी ते उचलले. रडू येत होतं ते संतापाचं, आणि त्यानं ते बघावं अशी माझी इच्छा नव्हती म्हणून भराभर चालत निघाले.

माईक मिळाला तो जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात. तिथं भंगार घेऊन बसणाऱ्यांची एक ओळ असते. एका म्हाताऱ्या बाईनं गोणपाटावर जुने चार्जर, फुटके मोबाईल आणि हॅन्ड्सफ्रीच्या वायरींचा गुंताच्या गुंता टाकला होता. तेव्हा गल्लोगल्ली मोबाईल झाले होते आणि त्या स्वस्त हॅन्ड्सफ्रीचा एक कान महिन्याभरात बंद पडायचाच. पण मरते ती वायर. हनुवटीखाली लोंबणाऱ्या त्या ठोकळ्यात माईक असतो, तो बहुतेक वेळा जिवंतच राहतो. हे माझ्या डोक्यात आधी कसं आलं नाही, कोण जाणे.

"क्या होना बेटा?" बाईनं विचारलं.

"इसमें का माइक होना."

"सब मरे हुए हैं. पूरा ले जाव, एक-एक कौन छांटते बैठता."

तिनं मला नवरा विचारला नाही, कारणही विचारलं नाही. भाजीच्या पैशात तो सगळा गुंता पिशवीत भरून दिला. घरी येऊन एकेक ठोकळा फोडला, माईक सोडवले, वायर जोडून त्यांच्यावर बोटानं टकटक केली. निम्म्याहून जास्त चालू होते.

पहिली डबी तयार झाली तशी मी दादांना माझ्याकडं घेऊन आले. ती डबीही शिट्टी मारायला लागली. माईक इयरफोनच्या फार जवळ होता. मग माईक लांब वायरीवर घेतला आणि शर्टाच्या खिशाला टाचला, तर कापड घासून खरखर. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यात स्पंज भरला, त्यात माईक बसवला. दादा खुर्चीत शांत बसून सगळं करू देत होते, न्हाव्यापुढं बसावं तसं. मी बटण हळूहळू फिरवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. त्यांनी मान वर केली.

"तुझ्या पंख्याचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले.

मी हसले की रडले, मला आठवत नाही. नवऱ्यानं स्वयंपाकघरातून विचारलं, "दादा, चहा ठेवू का?" आणि त्यांनी वळून उत्तर दिलं, "ठेवा की. साखर जरा जास्त." किती साधी गोष्ट. पण अशा साध्या गोष्टी कुणी त्यांना विचारायच्याच सोडून दिल्या होत्या.

काही दिवसांनी मी त्यांना कन्नडला सोडायला गेले. वहिनीनं खिशातली डबी आणि कानातल्या वायरी बघितल्या. "अगं बाई, रेडिओ घेऊन दिला का दादांना? बरं झालं. क्रिकेट ऐकत बसतील."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादांनी माझा हात दाबला.

संध्याकाळी एजंट आला. चहा झाला. दादा बाजेवर, खिडकीकडं तोंड करून. मी आतल्या दाराआड भाजी निवडत होते. भाऊ नेहमीच्याच आवाजात बोलत होता.

"म्हाताऱ्याला मी ठोक्याचं सांगितलंय. वर्षाच्या भाड्यानं रान द्यायचंय म्हणून. मी म्हणेल तिथं सही करतेत ते. कागद काय वाचत नाय."

"अन् मागनं बोंब मारली तर?" एजंटनं विचारलं.

"मारली तर त्यांची त्यांनाच ऐकू यायची नाय," भाऊ म्हणाला आणि दोघं हसले.

दादांनी कपातला चहा संपवला. कप खाली ठेवला. मग भावाकडं वळले.

"लई मोठ्यानं हसतोस रे तू," ते म्हणाले. "अन् सही मी करणार नाय."

एजंट चप्पल घालून कधी गेला ते कळलंही नाही. भाऊ आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि त्यानं तोंड फिरवलं ते माझ्याकडं. "तूच! तूच दादांचे कान भरलेस!"

इतक्या दिवसांचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "तुझा बाप हाय तो! उजव्या हाताला बसून चार शब्द सावकाश बोलला असतास, तर मला भंगार उपसायची वेळ आली नसती! आई बोलत होती का नव्हती? तिच्याकडं कुठलं मशीन होतं?"

"ओरडू नको गं," दादा कानावर हात ठेवून म्हणाले. "दुखतंय."

रान राहिलं. भाऊ माझ्याशी कित्येक दिवाळ्या बोलला नाही आणि मीही त्याच्याकडं भाऊबीजेला गेले नाही. दादांना म्हटलं, माझ्याकडं चला. ते म्हणाले, "माझं घर हाय. मी का जाऊ?" ते तिथंच राहिले. त्यांना बरंच काही ऐकायला लागलं आता. त्यांच्या दुसऱ्या चहावरून वहिनी जे पुटपुटायची ते, नातवंडं त्यांची नक्कल करायची ते. कधीकधी मी गेले की डबीचं बटण बंद असायचं. मी विचारलं तर म्हणायचे, "आज पुरे झालं." त्याचा मला त्या एजंटपेक्षाही जास्त राग यायचा आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

आमच्या कॉलनीत ही गोष्ट पसरली. माझ्याकडं माईक उरलेच होते. ज्यांनी मागितल्या त्यांना मी डब्या करून दिल्या. मागच्या गल्लीतला एकजण आपल्या आईसाठी घेऊन गेला. हिशेबी, मऊ बोलणारा माणूस, बँकेत नोकरीला. थोड्याच दिवसांत तो डबी परत घेऊन दारात उभा.

"बिघडली का?" मी विचारलं.

"छे छे, उत्तम चालते वहिनी," तो म्हणाला. "तेच तर. घरात बोलायची पंचाईत झाली हो. जरा काही बोललं की आई म्हणते, मला ऐकू आलं. मिसेसला फार त्रास होतो. तुम्ही ठेवा हे. आईला सांगितलंय बिघडली म्हणून."

तो हे सगळं हसत सांगत होता. मला वाटलं, त्याला खरंच यात काही वावगं दिसत नाही. मी डबी त्याच्या हातातून घेतली, बॅटरी तपासली आणि चप्पल पायात घातली.

"कुठं निघालात?" तो गोंधळला.

"तुमच्या घरी."

तो मागून "वहिनी, वहिनी" करत येत होता. त्याची बायको दारातून बाजूला झाली. त्याची आई मागच्या खोलीत भिंतीकडं बघत बसली होती. मी तिच्या उजव्या हाताला बसले, इयरफोन तिच्या कानात घातले, माईक पदराला टाचला आणि बटण फिरवलं.

"दुरुस्त झाली का?" तिनं विचारलं.

"बिघडलीच नव्हती काकू," मी म्हटलं, दारात उभ्या असलेल्या दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं. "कुणी काढून घेतली तर मला हाक मारा."