एक्केचाळीस वायसर

अंबडच्या एका कारखान्यात धोंडीराम प्रेसवर कामाला होता. पण त्याची खरी नोकरी लोकांचे कागद वाचून दाखवण्याची आहे, असं त्याची बायको भिमाबाई म्हणायची. गडी मॅट्रिक झालेला. रविवारी वस्तीतल्या विहारात पोरांना शिकवायचा, आणि उरलेले सहा दिवस कुणाची नोटीस, कुणाचं लेकीच्या सासरहून आलेलं पत्र. म्हणून १९८४ साली मॅनेजरसाहेबांनी सुरक्षेची प्रश्नावली काढली, तेव्हा ती चौसष्ट कामगारांकडून भरून घ्यायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

त्यालाही ते हवंच होतं. चार नंबरच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात सापडायची भीती नाही. पण त्यावर काम करणाऱ्या कोंडाजीने एका बटणात लाकडी पाचर ठोकून ठेवली होती. एक हात मोकळा राहिला की पत्रा भराभर सरकवता येतो, काम दीडपट होतं, फोरमन खूश. कोंडाजीचा तो हात दिवसभर प्रेसखाली जाऊन यायचा आणि शेजारच्या मशीनवरून धोंडीराम ते बघत राहायचा. त्याने साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "एकट्याच्या सांगण्यावरून मशीन बंद ठेवता येत नाही. लोकांच्या कागदात धोका दिसू दे, बटणं लगेच बदलून घेतो."

कागदावर ठळक छापलं होतं, नाव लिहू नये. पण बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी, हे आमच्या माणसांच्या हाडीमाशी भिनलेलं. धोंडीराम घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिला. तरी एकूण एक जणाने खाली आपला हजेरीचा तिकीट नंबर घातला, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी शाईचा पॅड मागवून अंगठा उठवला. एवढं केल्यावर खरं कोण लिहितो? लागलं तर फोरमनला सांगता का? हो. मशीनची भीती वाटते का? नाही. साहेबांनी पेढे मागवले.

त्यातून फाटकाजवळ पाटी होती : 'अपघाताविना दिवस १८७'. दोनशे भरले की प्रत्येकाला झाकणासकट स्टीलचं पातेलं मिळणार होतं. त्यापायी बोट कापलं तरी माणूस चिंधी गुंडाळून गुपचूप कामाला लागायचा.

धोंडीराम दोन दिवस धुमसला. तिसऱ्या दिवशी साहेबांना विचारून त्याने कपडे बदलायच्या खोलीत ग्रीसचा रिकामा डबा ठेवला आणि प्रत्येकाच्या हातावर एक नट आणि एक वायसर टेकवला.

"यंदा लागलं आणि सांगितलं नाही, त्याने वायसर टाकायचा. बाकीच्यांनी नट. उरलेलं खिशात घालून घरी न्या. कागद नाही, सही नाही."

आवाजावरून ओळखू येऊ नये म्हणून त्याने डब्याच्या तळाला चिंध्या घातल्या होत्या. एकेक जण आत जाऊन आला.

साहेबांच्या टेबलावर डबा पालथा केला. वायसर निघाले एक्केचाळीस.

"यात तुझाही आहे?" साहेबांनी विचारलं.

"आहे साहेब. दिवाळीच्या आधी लागलं होतं. मीही बोललो नाही."

साहेब शब्दाला जागले. चार नंबर बंद ठेवला, बटणं बदलली, वर पाचर बसणार नाही अशी जाळी ठोकली. पण पाटीवर शून्य आलं आणि पातेली गेली. जखमांची नोंदवही साहेबांनी धोंडीरामकडेच सोपवली.

"तुलाच लय शहाणपण सुचलं," कोंडाजी सगळ्यांसमोर म्हणाला. "घरी सांगून बसलो व्हतो पातेल्याचं. आता बायकोला काय दाखवू, तुझा वायसर?"

त्या दिवसापासून कोंडाजी बोलेना. बाकीचेही जेवायच्या सुट्टीत पाठ फिरवून बसू लागले. धोंडीराम एकटाच भाकरी खायचा, आणि त्याला ते फार लागलं होतं. त्याहून जास्त लागली ती कोरी वही. तीन आठवडे झाले, एक ओळ नाही. साठ-पासष्ट माणसं पत्रा कापतात आणि कुणाला ओरखडाही उठत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? लोक पुन्हा चिंध्या गुंडाळायला लागले होते. बटणं बदलली, माणसं होती तिथंच, असं त्याला वाटू लागलं.

मग एका सकाळी कोंडाजीने आपणहून प्रेस थांबवला आणि सगळ्यांच्या देखत तो धोंडीरामपाशी आला. तळहात पत्र्याने चिरला होता.

"लिही," तो म्हणाला.

"केवढं लागलंय?"

"टाका नाय पडायचा. तरी लिही."

धोंडीरामने वही उघडून पहिल्या ओळीत तारीख घातली. त्याने वर पाहिलं, तर कोंडाजीच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले होते.