नऊ घरं आणि आमचे मॅनेजरसाहेब

आमच्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांइतका वाईट बातमी तोंडावर सांगणारा माणूस हर्सूलपासून वाळूजपर्यंत दुसरा झाला नसेल. चांगलं बोलायची वेळ आली की मात्र त्यांची जीभ जड व्हायची. सलग दोन वर्षं माझ्या हातचा एकही नग परत आला नाही, तेव्हा ते माझ्या मशीनपाशी थांबले, बराच वेळ घसा खाकरला आणि शेवटी म्हणाले, "चालतंय." ते ऐकून शेजारचे दोघं माझं अभिनंदन करायला आले. कँटीनमध्ये ते आमच्याच रांगेत उभे राहायचे, वरण पातळ म्हणून आचाऱ्याशी रोज भांडायचे आणि रोज तीन वाट्या प्यायचे. दारावर टकटक झाली की त्यांचं डोकं उठायचं, म्हणून केबिनचं दारच त्यांनी पेचकसानं काढून स्टोअरमध्ये टाकलं. मग लोक थेट टेबलाशी जाऊन डोकं उठवू लागले, तरी दार काही परत बसलं नाही.

पुढं मंदी आली. गाड्यांच्या सुट्या भागांचं काम आटलं आणि मशीन आठवड्यातून तीनच दिवस चालू लागली. आजूबाजूच्या कारखान्यांतले साहेब लोक दिसेनासे झाले. आमचे मात्र रोज सकाळी फाटकापाशी स्टुलावर उभे राहायचे. "ऑर्डर नाय. उद्याचीबी खात्री नाय. कळंल तसं सांगतो." एवढं सांगून आम्हाला बंद मशीन रंगवायला लावायचे, ड्रॉइंग वाचायला शिकवायचे.

"रंग देऊन काय व्हणार, साहेब?" एकानं विचारलं.

"काय नाय व्हणार. घरी छताकडं बघत बसण्यापरीस बरं."

त्यांच्या त्या स्टुलाला आम्ही हसायचो. हसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

शेवटी मालकानं नऊ जणांना कमी करायला सांगितलं. साहेब तीन दिवस हुज्जत घालत राहिले, पण नवाचे आठ काही झाले नाहीत. यादी नोटीस बोर्डावर लावायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. रविवारी मला स्कूटरवर मागं बसवून ते बजाजनगरात घरोघर फिरले, कारण मला घरं ठाऊक होती. चपला बाहेर काढून आत बसायचे, चहाला नको म्हणायचे आणि पहिल्याच वाक्यात सांगायचे, "तुझं काम गेलं. तुझी चूक नाय." ग्राइंडिंगच्या मशीनवर असलेल्या आमच्या ग्राइंडिंगवाल्याच्या घरी त्याच्या बायकोनं शांतपणे विचारलं, "साहेब, तुमचं ऱ्हायलं ना?"

"व्हय, माझं ऱ्हायलं," ते म्हणाले आणि मान खाली घालून तिथंच बसून राहिले. मलाही तिथून उठवेना.

त्यानंतर कित्येक महिने ते इतर कारखान्यांच्या फाटकांवर जाऊन या नऊ जणांसाठी शब्द टाकत होते. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले, त्यांच्यापुढंही लाचार झाले. एकेक करत आठ जण कामाला लागले. ग्राइंडिंगवाल्यानं खूप वाट पाहिली, मग बिऱ्हाड गुंडाळून बायकोच्या माहेरी गेला. पुढं त्याचा काही पत्ता लागला नाही.

साहेब आता निवृत्त होऊन गारखेड्यात मुलीकडं असतात. मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तर बसतो न बसतो तोच म्हणाले, "त्या ग्राइंडिंगवाल्याचं ऱ्हाऊन गेलं."

"सुखात असंल तो, साहेब."

"तुला ठाऊक हाय का?"

"नाय," मी म्हणालो.

मी आणखी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून राहिलो.