किल्ली असलेली बाई

निवडणुकीच्या ड्यूटीवर शाळेच्या खोलीत बसून मी कंटाळले आहे. माझ्याकडे समोरच्या उंच टॉवरमध्ये राहणाऱ्यांची मतदारयादी. इथे सकाळपासून नुसता पंखा फिरतोय. शेजारच्या खोलीत नाल्याकाठच्या वस्तीची यादी, तिथली रांग फाटकापर्यंत गेली आहे. वस्ती नळासाठी मत देते, हे कुणीही सांगेल. टॉवरचा कल मात्र इतक्या वर्षांत मला कळलेला नाही. ज्यांच्या घरी पाणी न मागता येतं, ते इथे येतच नाहीत.

दुपारी शेजारच्या खोलीत मत देऊन एक बाई माझ्या टेबलाशी आली.

"आमच्या मॅडम सुट्टी म्हणून फिरायला गेल्यात. त्यांचं मत मी टाकू का? घराची किल्ली माझ्याकडेच असते."

"तसं चालत नाही हो, मावशी."

"बरं, मग त्यांच्या कुंड्यांना तरी पाणी घालते," म्हणाली, आणि बोटावरची ओली शाई पदराला लागू न देता टॉवरकडे गेली.