मक्याचं लॉन

ज्या गावात टँकर चार दिवसांतून एकदा यायचा, त्या गावात मी लॉन अंथरलं. माझ्या हातांनी, आणि कल्पनाही माझीच. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे आणि त्यांच्यात मीही आहे.

तेव्हा मी बीडला एका संघटनेचं काम करायचे. काम म्हणजे पत्रकं. लिहायची, छापून आणायची, एसटी स्टँडवर लोकांच्या हातात कोंबायची. नवं पत्रक निघालं की गठ्ठा घेऊन मी केजकडच्या एका गावी, आत्याकडं जायचे. आत्या तिथल्या महिला दूध सोसायटीची अध्यक्ष. सगळं गाव तिला चेअरमनबाई म्हणायचं. तिचा नवरासुद्धा, आणि तो थट्टेनं म्हणत नसे.

त्या उन्हाळ्यात सोसायटीचा जीव एका मशीनमध्ये अडकला होता. गावाचं दूध टेम्पोनं केजला जायचं आणि उन्हानं वाटेतच नासायचं. आठवड्यातून दोनतीनदा कॅन परत. नासलेलं दूध कुणाचं यावरून बायकांत भांडणं. दोघी तर सोसायटी सोडून गेल्या होत्या. दूध संघ तालुक्यातल्या एका गावाला कुलर देणार होता, म्हणजे दूध गावातच गार ठेवणारी स्टीलची मोठी टाकी. अट एकच: दिवसाचं दूध तीनशे लिटर पाहिजे. आत्याच्या सोसायटीचं तीनशे दहापंधरा भरायचं. कुलर मिळाला तर सोसायटी टिकणार, नाहीतर दिवाळीच्या आत कुलूप. हे आत्या मला भाकरी थापता थापता सांगायची आणि भाकरीला गरजेपेक्षा जास्त मारायची.

मग संघाचं पत्र आलं. साहेब पाहणीला येणार. पत्रात लिहिलं होतं: सायंकाळी पाच वाजता बागेत सभासदांशी अनौपचारिक चर्चा व अल्पोपहार, त्यानंतर दूध संकलनाची पाहणी.

बागेत.

गावात बाग नव्हती. एक होती ती शाळेच्या भिंतीवर रंगवलेली, तिचेही पोपडे निघाले होते. मी म्हणाले, उलट पत्र पाठवू या, खरमरीत. माणसाला घसा ओला करायला पाणी नाही आणि यांना बाग पाहिजे. मथळा तर माझ्याकडं तयारच होता. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, कॅनॉलकडच्या गावानं मागच्या वर्षी साहेबांना डाळिंबाच्या बागेत बसवलं, त्यांना कुलर मिळाला. दुधाचा यात काही संबंध आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. सोसायटीच्या बैठकीत सगळ्या बायका हेच बोलल्या.

"दूध तर समद्यांकडंच हाय," एक जण म्हणाली. "बाग कुणाकडं हाय, ते बघतेत ते."

मला हे इतकं खरं वाटलं की मी खरमरीत पत्राचा विषय सोडून दिला. सरकारी माणसाच्या नजरेबद्दल मी स्वतः दोन पत्रकं लिहिली होती.

बागेसाठी आत्याचं परस ठरलं. परसात काय होतं? गोठा, गोवऱ्यांची रास, उकिरडा, कोरडा हौद आणि एक कडुलिंब, ज्याची पानं शेळ्यांनी पोचतील तिथवर संपवली होती. आत्यानं संघाच्या एका प्रशिक्षणात कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर गार्डन पार्टी पाहिली होती. खाली हिरवळ, टेबलांवर पांढरी चादर, मधोमध मोठी छत्री, वर पताका. तेवढं झालं पाहिजे, तिनं सांगितलं. कमी नाही आणि जास्तीची हाव नाही.

छत्र्या जमल्या. पावसाचा पत्ता नसल्यानं घराघरांत काळ्या छत्र्या तशाच पडून होत्या. त्या बांबूंना बांधून टेबलांशेजारी रोवल्या. उघडल्यावर कळलं, उंदरांनी सगळ्यांना भोकं पाडलीत. टेबलांवर उन्हाचे ठिपके पडले. आत्या म्हणाली, नक्षी दिसते.

गोवऱ्यांची रास हलवायला दोन दिवस गेले असते, म्हणून तिच्यावर हिरवं लुगडं टाकून टेकडी केली. उकिरड्याला शेडनेटचा पडदा लावला. हौदाला आतून निळा रंग दिला आणि आत कुणी वाकून बघू नये म्हणून कडेला काटेरी बाभळीच्या फांद्या ठेवल्या.

केजचा मंडपवाला चाचा रिक्षातून प्लास्टिकचे गुलाब आणि प्लास्टरचे दोन मोर घेऊन आला. एका मोराला मुंडकं नव्हतं.

"मुंडकं कुठंय चाचा?"

"शादीत गेलं," चाचा म्हणाला. "पण ताई, नाच तर पिसाऱ्याचा असतो. मुंडक्याला कोन बघतं?"

त्यानं तो मोर भिंतीकडं तोंड करून, म्हणजे मान करून, उभा केला. हिरवं मॅट मात्र त्याच्याकडं नव्हतं. सगळं मॅट एका पुढाऱ्याच्या सभेला गेलं होतं. खाली माती राहिली तर बाग कशी म्हणायची, असा पेच पडला, आणि तिथं मी तोंड उघडलं.

दुष्काळात बायका घरोघरी मका भिजवून ट्रेमध्ये उगवायच्या. माती नाही, थोड्याशा पाण्याच्या फवाऱ्यावर आठवड्यात वीतभर हिरवा चारा. मुळं एकमेकांत इतकी गुंततात की ट्रे उलटा केला की चौकोनी सतरंजीच हातात येते. मी म्हणाले, सगळ्यांचे ट्रे एकाच दिवशी तयार होतील असं करू आणि सतरंज्या एकमेकींना चिकटवून अंथरू. खरीखुरी हिरवळ. कार्यक्रम संपला की जिची तिनं उचलायची, जनावराला घालायची. पाण्याचा थेंब वाया नाही. मला या शेवटच्या मुद्द्याचा फार अभिमान वाटला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, की तंवर म्हशी काय खातील. कडबा खातील, सगळ्या म्हणाल्या. म्हातारी म्हणाली, बरं.

आठ दिवस गावात ट्रेला कुणी हात लावला नाही. जनावरं गोठ्यातून हिरव्याकडं बघत वाळला कडबा चघळत राहिली. मी पताकांच्या मागं होते. रंगीत कागद आणायला कुणी केजला जाईना. संध्याकाळी घरी आले तर आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी माझा पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा कात्रीनं त्रिकोणी कापत बसलेल्या.

"आत्या, हे वाटायचं होतं."

"टांगल्यावर जास्त लोक वाचतेत," आत्या म्हणाली.

पताकांवर माझी वाक्यं अर्धी अर्धी लटकली. एका त्रिकोणात ‘टँकर कुणाच्या’, शेजारच्यात ‘लाज वाटत’, पुढं ‘नाही नाही नाही’. मी तीन दिवस घासून लिहिलेलं पत्रक कापल्यावर जास्त चांगलं वाचता येत होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

या आठ दिवसांत सोसायटीच्या सचिवबाई रोज संध्याकाळी सांगायच्या की दूध जरा कमी भरतंय. ऊन लई हाय, असं उत्तर मिळायचं. मीही तेच उत्तर दिलं होतं. कमी भरतंय म्हणजे किती, हे ना मी विचारलं ना आत्यानं. आम्हांला बाग करायची होती.

पाहणीच्या दिवशी दुपारी लॉन अंथरलं. एवढं हिरवं त्या गावात दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. लोक कुंपणाबाहेर उभे राहून नुसते बघत होते, लग्नातल्या नवरीकडं बघावं तसे. पाच वाजले, साहेब आले नाहीत. लॉनच्या कडा उन्हानं माना टाकायला लागल्या. बायकांनी घरून प्यायच्या पाण्याच्या कळशा आणून हातानं शिंपडायला सुरुवात केली. पाणी वाचवा म्हणून गावोगाव ओरडणारी मी, मीही तांब्या घेतला. चाचानं वरून गुलाबपाणी मारलं, लग्नातलं उरलेलं. साहेबांना बरं वाटंल म्हणाला.

साडेसहाला गाडी आली. साहेब, मापाची पट्टी आणि दूधतपासणीचं सामान घेतलेला त्यांचा हाताखालचा माणूस, आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक संचालक. संचालकांनी बूट घालून लॉनवर पाय टाकला.

"ओ पाव्हणं," म्हातारी म्हणाली, "पायताण काढा. चारा हाय त्यो."

संचालक थांबले. साहेब थांबले. आत्यानं डोळे मिटले. पण साहेब शेतकऱ्याच्या घरातले असावेत, त्यांनी वाकून बूट काढले. मग सगळ्यांना काढावे लागले. ओल्या मक्यावर संचालकांचे पांढरे मोजे आधी हिरवे आणि मग तपकिरी झाले. अन्नावर पाय देऊन खायचं कसं म्हणून बायका लॉनवर येईनात, त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्यांचं बघून साहेबही हळूहळू कडेला सरकले. सरतेशेवटी सगळी गार्डन पार्टी भिंतीला पाठ लावून हातात पोह्याची बशी घेऊन उभी, आणि मधोमध रिकामी टेबलं, भोकाच्या छत्र्या आणि बिनमुंडक्याचा मोर. अनौपचारिक चर्चा झाली. संचालकांनी विचारलं, "काय, ठीक?" बायका म्हणाल्या, "ठीक." साहेब पताका वाचत होते. ‘लाज वाटत’पाशी ते बराच वेळ थांबले.

मग संकलन, तिथंच. साहेब पुन्हा लॉनच्या काठावर येऊन उभे राहिले. बायका एकेक करून दूध आणू लागल्या. तो माणूस मापत गेला, सकाळचा आकडा मिळवत गेला. शेवटची बाई गेल्यावर त्यानं बेरीज दोनदा केली आणि कागद साहेबांपुढं धरला.

दोनशे चाळीस.

साहेबांनी चष्मा काढला. अर्जावर तर तीनशे दहा आहे, ते म्हणाले, आवाज न चढवता. त्यांनी खोटारड्या हा शब्द वापरला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू गेला. सचिवबाईंनी वही पदराखाली घेतली. आत्या साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"खोटं न्हाई साहेब," ती म्हणाली. "उरलेलं दूध तुमच्या पायाखाली हाय."

साहेबांनी खाली पाहिलं. आत्यानं सांगितलं: आठ दिवस हिरवं जनावरांच्या तोंडातून काढून इथं अंथरलं. म्हशींनी कडबा खाल्ला आणि कडब्याएवढंच दूध दिलं. संचालक हसले. साहेब हसले नाहीत. कुणी सांगितलं होतं हे करायला, त्यांनी विचारलं.

मी पुढं झाले. माझं एक अख्खं भाषण तयार होतं, त्यात मी होते, ते होते, दिल्लीही होती. आत्यानं कोपरानं मला मागं ढकललं आणि पत्र पुढं केलं.

साहेबांनी पत्र वाचलं, हाताखालच्या माणसाला दाखवलं. तो कानापर्यंत लाल झाला. पत्र कॅनॉलकडच्या गावाचं होतं. मागच्या वर्षीचं. फक्त वरचं गावाचं नाव आणि तारीख बदलली होती. बाग तशीच राहिली होती.

ओल्या मक्यात पाय ठेवून उभा असलेला हुकूम देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मग साहेब म्हणाले, "हे उचला आणि जनावरांना घाला. आठ दिवसांनी पुन्हा मापू. बाग नको."

ते बूट घालेपर्यंत बायकांनी लॉन गुंडाळायला घेतलंसुद्धा. कुठली सतरंजी कुणाची, हे आता कळत नव्हतं. दोघींत जुंपली. शेवटी आत्यानं विळ्यानं सारखे तुकडे केले. घरोघरी म्हशींनी वास घेतला, फुरफुरल्या आणि मान फिरवली. गुलाबपाणी. बायकांना चारा पुन्हा धुवावा लागला, म्हणजे उरलंसुरलं पाणीही गेलं. त्या रात्री चाचाचं नाव गावात फार वेळा घेतलं गेलं.

आठ दिवसांनी म्हणजे कधीच नाही, हे मी आत्याला ठणकावून सांगितलं होतं. सरकारी आठ दिवस मला माहीत होते. मी चूक ठरले. नवव्या दिवशी पहाटे तो हाताखालचा माणूस मोटारसायकलवर, न कळवता आला. सकाळचं मापलं, दिवसभर सोसायटीच्या ओट्यावर बसून राहिला, पोटात काही घ्यायला तयार नाही, संध्याकाळचं मापलं. तीनशे सहा. त्यानं आत्याची सही घेतली आणि निघताना म्हणाला, तेवढं पत्राचं कुणाला सांगू नका मावशी.

कुलर आला तेव्हा पाऊस अजून लांबच होता. टाकी उतरवली, वायरमननं जोडली, आणि दुसऱ्याच दिवशी संघाचं नवं पत्र येऊन पडलं: उद्घाटन संचालकांच्या हस्ते पंधरवड्यानं, तोवर मशीन सुरू करू नये, अल्पोपहाराची व्यवस्था मागील वेळेप्रमाणेच हिरवळीवर करावी.

मी कागद ओढला. दोन पानं तरी लिहिली असती. आत्या म्हणाली, मी सांगते तेवढंच लिही, आणि शब्दांखाली रेघा मारू नको. मी लिहिलं:

‘हिरवळ म्हशींनी खाल्ली. मशीन कालपासून चालू आहे. कॅन परत येत नाहीत. चहाला या.’